विशाखाताईंची कपबशी

आमच्या निमगाव सावा गावात अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की विशाखाताई रोकडे मुंबईला हवाई सुंदरी होत्या. हा समज पसरवण्यात खुद्द ताईंचाच हात होता. कुणी विचारलं, "ताई, तुमी विमानात पुढं असायच्या का मागं?" की त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "खाली." विचारणारा मान डोलवायचा आणि घरी जाऊन सांगायचा की विमानाला तळमजला असतो.

खरी गोष्ट अशी की ताईंनी उभी नोकरी विमानाच्या पोटाखाली काढली होती. विमानतळावरच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला येतात त्या अवाढव्य शेडमध्ये. वडिलांनी हट्टानं आयटीआयला घातलेली मुलगी, हातात पाना घेऊन आत गेली ती निवृत्त होऊनच बाहेर पडली. ठेंगणी मूर्ती, साडीवर निळा ॲप्रन, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. चालताना खाली बघायच्या. लोकांना वाटायचं, किती लाजाळू बाई. त्या जमिनीवर स्क्रू पडलाय का ते बघत असायच्या.

त्यांची आणि माझी गाठ पडली ती आमच्या कंपनीत. कंपनी म्हटल्यावर फार काही डोळ्यांसमोर आणू नका. शेतकऱ्यांनी मिळून काढलेली, पूर्वी कांदा साठवायच्या शेडमध्ये थाटलेली, फवारणीचे तीन ड्रोन बाळगणारी ही कंपनी. मी तिथला व्यवस्थापक, म्हणजे सगळ्यांनी ओरडायला ठेवलेला माणूस. अध्यक्ष सोपानआबा. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात त्याहून जास्त. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण सर्जा बैलाला ओवाळायला विसरायचे नाहीत.

कंपनी सुरू झाल्यावर काही दिवसांतच एक ड्रोन शेततळ्यात पडला. आबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, "कुणी पाडला?" ड्रोन उडवणाऱ्या संतोषला सगळे पायलट म्हणायचे आणि तो संध्याकाळी मोटारसायकलवरसुद्धा काळा चष्मा लावायचा. तो म्हणाला, "वाऱ्यानं पडला." बॅटऱ्या बघणारा म्हणाला, बनवणाऱ्यानंच माल हलका दिला. एकाने अमावास्येकडे बोट दाखवलं. आबा इतके तापले की पायलटला आठवडाभर घरी बसवलं. परिणाम चांगलाच झाला. पुढच्या वेळी दुसरा ड्रोन विजेच्या तारेला घासला तेव्हा कुणी काही बोललंच नाही. आजारी पोराला झोपवावं तसा त्याला गुपचूप शेडमध्ये झोपवून, वर पांघरूण घालून सगळे घरी गेले.

तेव्हा आबांना आपल्या शाळेतली विशाखा आठवली. नुकतीच निवृत्त होऊन ती गावात राहायला आली होती. आबांनी निरोप धाडला, "तू विमानात व्हतीस ना, मग आमची ही पाखरं जरा बघ."

ताई आल्या आणि त्यांनी पहिल्या दिवशी ड्रोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक फळा मागवला. त्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची, स्क्रूड्रायव्हरची आकृती पांढऱ्या रंगानं काढली आणि तिथं खिळा ठोकून ते हत्यार टांगलं. "काम झालं की फळ्याकडं बघायचं. पांढरी जागा रिकामी दिसली तर तो पाना कुठं आहे? मशीनच्या पोटात. तो सापडेस्तोवर काय उडणार न्हाई." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना फळ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "तळ्यातला ड्रोन कसा पडला?"

"वाऱ्यानं," पायलट म्हणाला.

"कुणी पाडला ते मला नको. कसा पडला ते पायजे."

मग ताईंनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. "नोकरीला नवी व्हते तवा विमानाच्या पंखात मी पुसायचं फडकं विसरले. घरी निघाले, फाटकापर्यंत गेले, तिथं आठवलं. तशीच मागं पळाले. विमानात माणसं बसलेली. साहेबाला सांगितलं. माणसं उतरवली, पंख उघडला, लई बोंबाबोंब. मला वाटलं, गेली नोकरी. साहेबानं खुर्ची दिली, चहा मागवला आन् म्हणला, आता सांग, फडकं विसरायला झालं काय? मी म्हणलं, फडकी मोजून कुणी देतच न्हाई. दुसऱ्या दिवसापासून फडकी मोजून मिळायला लागली. मी गप बसले असते तर? विमानाला आपली अब्रू कळत न्हाई, राव. त्याला नुसतं फडकं कळतं."

आणि तिथंच त्यांनी कंपनीचा कायदा जाहीर केला. आपली चूक दुसऱ्या कुणाला दिसायच्या आत जो स्वतः सांगेल त्याला चहा. कागदी कपातला नाही, कपबशीतला. तो ओतायचा हजर असलेल्यांतल्या सगळ्यात मोठ्या माणसानं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. चूक सापडल्यावर कबूल केली तर चहा नाही, टाळ्या नाहीत, बोलणीही नाहीत. नुसती दुरुस्ती.

आबांना हे अजिबात पटलं नाही. "चुका करणाऱ्यानं चहा प्यायचा, मग नीट काम करणाऱ्यानं काय, हौदाला तोंड लावायचं?"

"नीट काम करणारा मला अजून भेटायचाय," ताई म्हणाल्या. "भेटला की त्याला दूध देऊ."

पहिले तीन दिवस कुणी जागचं हललं नाही. चौथ्या दिवशी पायलटनं काळा चष्मा काढला. "ताई, वारा नव्हता. मी मोबाईलवर बोलत व्हतो."

आम्हा सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, कुणाशी. ताईंनी तेवढं सोडून सगळं विचारलं. त्या दिवसापासून ड्रोन उडवायच्या आधी सगळ्यांचे मोबाईल शेवयांच्या डब्यात जायला लागले. आबांनी नाइलाजानं, तोंड कडू करून, पायलटच्या बशीत चहा ओतला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पायलट लग्नातल्या नवरदेवासारखा लाजला.

कपबशीच का, हे मी एकदा विचारलं होतं. ताई सहज बोलल्या, जणू हवापाण्याबद्दल बोलतायत. "माझ्या वडलांची कपबशी गावच्या हॉटेलात बाहेर खिडकीत ठेवलेली असायची. त्यांनी स्वतः धुऊन ठेवायची. धर्म बदलल्यावर त्यांनी तिथं चहा प्यायचं सोडलं. मला लहानपणापासून वाटायचं, चांगल्या कपबशीतनं, मोठ्या माणसानं ओतलेला चहा मिळाला की माणूस ताठ उभा राहतो. खाली मान घालून उभा असलेला माणूस खरं सांगत न्हाई." त्या दिवसापासून कपबशी धुवायचं काम माझं मीच अंगावर घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, वा, काय थोर बाई. थांबा. या कायद्यानं आमच्याकडे वर्षभर नुसता धुमाकूळ घातला. चहा फुकट, वर टाळ्या. मग चुका उगवायला किती वेळ लागतो? रोज सकाळी फळ्यासमोर ही रांग. एकजण म्हणाला, "ताई, काल मी बॅटरी उलटी ठेवणार व्हतो, पण ठेवली न्हाई." एकानं सासूला उलट बोलल्याचं कबूल केलं. बॅटरीवाल्यानं तर एक चूक दोन हप्त्यांत विभागून दोन दिवस चहा घेतला. ताई सगळं शांतपणे ऐकायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "बरं, मग उद्यापासून काय बदलू?" खोटी चूक सांगणाऱ्याला हा प्रश्न आला की घाम फुटायचा. सासूवाला म्हणाला, "सासू." त्याला चहा मिळाला नाही, पण ताई हसून हसून स्टुलावर बसल्या.

ताईंना स्वतःला थांबता यायचं नाही, ही त्यांची खोड. हँगर संपला, पण मोजणं संपेना. भाचीचं लग्न शेजारच्या आणे गावात होतं. मीही गेलो होतो. मांडवामागे आचाऱ्याची गडबड, मासवडीचा रस्सा उकळतोय, आणि ताई तिथं जाऊन विचारतात, "सुऱ्या किती आणल्या व्हत्या?"

"पाच," आचारी म्हणाला. विचारलं म्हणून सांगितलं बिचाऱ्यानं.

ताईंनी मोजल्या. चार. झालं, पंगत थांबली. पातेली ढवळून झाली, भाजीच्या पाट्या उपड्या केल्या, वऱ्हाडी उपाशी, व्याही लालबुंद. एका पातेल्यातून आचाऱ्याच्या मुलाचा हरवलेला भोवरा निघाला, पण सुरी काही निघेना. अर्ध्या तासानं आचाऱ्याचा भाऊ भाजी घेऊन आला आणि म्हणाला, पाचवी सुरी घरीच आहे, मूठ तुटली म्हणून आणलीच नाही. ताई सरळ उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं. आणल्या किती ते विचारलं, मोजून आणल्या का ते विचारलं न्हाई." आणि व्याह्यांकडे वळून, "आता मला चहा द्या." व्याह्यांनी दिला. कपबशीतून. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आम्हाला टाळ्या वाजवायचा धीर झाला नाही.

आणि मग आला कंपनीचा मोठा दिवस. पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले होते. आबांच्या डोक्यातून कल्पना निघाली होती की ड्रोनला टोपली बांधायची आणि मांडवातल्या पाहुण्यांवर आभाळातून झेंडूची फुलं पाडायची. ड्रोन माणसांच्या डोक्यावरून जाणार म्हणून ताईंनी तो दोन दिवस आधीपासून तपासून, पुसून, कव्हर घालून ठेवला होता.

त्या सकाळी त्यांनी कव्हर सोडायला हात घातला आणि थबकल्या. ताईंच्या शिस्तीत कव्हरला सुरगाठ मारायची, एक टोक ओढलं की सुटणारी. आज तिथं भलतीच गाठ होती. उधळ्या बैलाला दावणीला बांधतात तशी, दोन वेढे घेऊन आवळलेली. सगळ्यांनी गाठ पाहिली. नंतर सगळ्यांनी शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. कंपनीत उधळी बैलं बाळगणारा माणूस एकच होता, आणि तो फेटा बांधून मांडवात बसला होता.

ताईंनी ड्रोन वरखाली बघितला. "वरनं काय दिसत न्हाई. पण हात लागलाय. काय झालं ते कळल्याबिगर हा उडणार न्हाई." आणि स्टूल ओढून ड्रोनसमोर बसल्या.

मी मांडवात जाऊन आबांच्या कानात सांगितलं. आबा तरातरा शेडमध्ये आले. फेटा, कोट, आणि भाषणासाठी कॉलरला लावलेला छोटा माईक. तो माईक चालू आहे की बंद, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत आम्ही कुणीच नव्हतो.

"विशाखाबाई, पावणं बसल्याती. उडवा."

"आधी सांगा."

"मी अध्यक्ष हाय. उडवा, न्हाईतर उद्यापासून येऊ नका."

मला वाटलं, आता संपलं. एकतर ताई जाणार, नाहीतर ड्रोन लोकांच्या डोक्यावरून जाणार. पायलटनं चष्मा काढून खिशात ठेवला. ताई उठल्या नाहीत. त्यांनी मला कपबशी आणायला सांगितली. म्हणाल्या, "आधी माझी चूक. काल संध्याकाळी आबांनी शेडची किल्ली मागितली, पावण्यांना दाखवायला म्हणून. मी दिली. कशाला पायजे, कोण येणार, कायबी विचारलं न्हाई. अध्यक्षाला कसं विचारायचं, असं वाटलं मला. चुकलं माझं." आणि शेजारच्या स्टुलाकडे बोट केलं. "मॅनेजर, कपबशी दोन आणा."

दुसरी कपबशी रिकामी समोर ठेवली गेली. आबांनी तिच्याकडे बघितलं. मग ड्रोनकडे. बाहेर बँड वाजत होता तो थांबला. आबांचा आवाज एकदम उतरला.

"विशाखा, फोटो काढत व्हतो गं. त्याला गाड्यावर ठेवला, सर्जा-राजाच्या मागं. लई झ्याक दिसत व्हता. सर्जा बुजला. गेला खाली. मी उचलला, पुसला, बघितला, कायबी मोडलेलं दिसंना. म्हणलं, कशाला सांगायचं. माझंच चुकलं."

हे सगळं मांडवात, मांडवाबाहेर आणि मराठी शाळेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. शेडमधल्या आम्ही सवयीनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याही भोंग्यातून गेल्या. त्या ऐकून मांडवात टाळ्या सुरू झाल्या, शेतकऱ्यांनी वाजवल्या म्हणून पाहुण्यांनीही वाजवल्या. कंपनीच्या इतिहासात अध्यक्षांच्या कुठल्याच भाषणाला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

अडचण पुढे आली. चहा सगळ्यात मोठ्या माणसानं ओतायचा, आणि चूक तर सगळ्यात मोठ्या माणसाचीच. ताई जराही गडबडल्या नाहीत. किटली घेऊन तडक मांडवात गेल्या आणि ती प्रमुख पाहुण्यांच्या हातात दिली. पुण्याच्या साहेबांना वाटलं, इकडची काहीतरी रीत असेल. त्यांनी मोठ्या अदबीनं आबांच्या बशीत चहा ओतला, आणि फोटोही काढून घेतला.

इकडे पायलटनं ड्रोनचा एक हात दोन्ही मुठींत धरून पिळला. वरून गुळगुळीत दिसणारी नळी आतून कडकन बोलली. उघडून पाहिली तर मधोमध चिरलेली. ती झेंडूच्या टोपलीसकट पोराबाळांच्या डोक्यावर मोडली असती, हे कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. शेडमध्ये परतलेल्या आबांनी बशी खाली ठेवली आणि झेंडूची टोपली स्वतःच सोडवली. फुलं शेवटी बायकांनी हातानंच उधळली.

त्यानंतर आबा बदलले, म्हणजे बिघडले असं म्हणा. सर्जानं ड्रोन पाडल्याची गोष्ट ते प्रत्येक घाटात स्वतः सांगायला लागले, दर वेळी सर्जा जरा जास्त उंच उडी मारायचा. फळ्यासमोरच्या रांगेत त्यांचा नंबर पहिला. ताई त्यांना दर वेळी विचारायच्या, "बरं, मग उद्यापासून काय बदलू?" आणि आबा विचारात पडायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता.

मग ताईंचे गुडघे बोलायला लागले. लेकीनं नाशिकला बोलावलं. जायच्या दिवशी गाडी शेडबाहेर उभी, सामान आत, चालक हॉर्न वाजवतोय. ताई शेवटचं फळ्याकडे बघायला आत आल्या. दहा नंबरच्या पान्याची पांढरी जागा रिकामी होती.

ताईंनी पिशवी खाली ठेवली. "पाना सापडेस्तोवर काय हलत न्हाई."

सगळे शोधायला लागले. ड्रोनच्या खाली, बॅटऱ्यांच्या मागे, शेवयांच्या डब्यात. आबा तर सगळ्यात जोरात शोधत होते, स्वतःची खुर्ची त्यांनी तीनदा उचलून पाहिली. ताई स्टुलावर बसून होत्या. चालकाने गाडी बंद केली. ऊन उतरायला लागलं तेव्हा आबा खुर्ची उचलता उचलता तशीच धरून उभे राहिले.

"विशाखा, माझं चुकलं."

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी पाना काढला. "मला वाटलं, पाना न्हाई तर तू बी हलायची न्हाईस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवायला मी कपबशी धुवायला गेलो.

"तुला ठावं व्हतं?" आबांनी मागून विचारलेलं मला ऐकू आलं.

"तू शेडात आलास तवाच तुझा खिसा लोंबत व्हता, सोपान."

"मग बोलली का न्हाईस? इतका वेळ बसून राहिलीस!"

"मी आधी बोलले असते तर तुला चहा मिळाला नसता."

त्या दिवशी चहा ताईंनी स्वतः ओतला. पाना हातानं पुसून फळ्यावर टांगला, पांढरी जागा नीट झाकली गेली ना ते चष्मा लावून पाहिलं आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडी निघाली. कपबशी घेऊन आबा शेडच्या दारात उभे होते, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. बेल्ह्याच्या रस्त्याला वळेपर्यंत ताईंचा हात खिडकीबाहेर होता.